चुना वीट सोडतो, सिमेंट सोडत नाही

गेल्या उन्हाळ्यात पुण्यात आमच्या गल्लीत दोन पाडकामं एकाच वेळी चालू होती. एक शंभरी ओलांडलेला वाडा आणि दुसरी चाळीसेक वर्षांची चार मजली सोसायटी. वाड्यावरच्या माणसांनी आधी कौलं उतरवली, मग वासे, मग कडीपाट. सागाच्या तुळया कुसू आणि खाचेच्या सांध्यात बसवलेल्या होत्या, त्यामुळे पाचर निघाली की तुळई सुटायची. शेवटी भिंतींची पाळी आली. एक बाई सावलीत बसून विटा साफ करत होती. डाव्या हातात वीट, उजव्या हातात छोटी हातोडी. चार हलके ठोके मारले की पांढरट मसाला पिठासारखा गळून पडायचा. मग ती वीट दुसऱ्या विटेवर हलकेच आपटून बघायची. आवाज खणखणीत आला तर थप्पीत, बद्द आला तर डबरात.

सोसायटीकडे ब्रेकर लावला होता. तिथल्या ढिगात मी बराच वेळ शोधलं, पण अख्खी म्हणावी अशी वीट दिसली नाही. नुसते तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला घट्ट चिकटलेलं सिमेंट. सगळा राडारोडा डंपरमध्ये भरून गेला.

दोन्हीकडची वीट मातीचीच आणि भट्टीत भाजलेलीच होती. फरक होता तो दोन विटांच्या मधल्या बोटभर थरात, म्हणजे मसाल्यात: वाड्यात चुन्याचा, सोसायटीत सिमेंटचा.

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारलेली आठवते? निवळी दुधाळ व्हायची. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण तयार होत. चुन्याची भिंत घट्ट होते ती याच क्रियेने, फक्त फार सावकाश. चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. ती पाण्यात विरवायची, वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळायची आणि भिंतीत भरायची. पुढे कित्येक वर्षं हा मसाला हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत राहतो आणि पुन्हा चुनखडी होत जातो. तरी तो विटेपेक्षा मऊच राहतो. भिंत थोडी हलली, खचली, तर चीर सांध्यातून जाते आणि वीट वाचते. पाडतानाही तेच होतं.

सिमेंटची गोष्ट वेगळी. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंशांना एकत्र भाजून त्याचा क्लिंकर, म्हणजे कठीण गोळे, होतो, आणि तो दळला की सिमेंट. पाणी मिळताच त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचं दाट जाळं वाढतं आणि विटेच्या छिद्रांत शिरून तिला धरून ठेवतं. एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू असा मसाला महिन्याभरात साध्या विटेच्या बरोबरीची ताकद गाठतो. आता घाव घातला तर फुटणार कोण? मसाला फुटत नाही, सांधा सुटत नाही, म्हणून वीटच फुटते.

त्या विटेत भट्टीतली उष्णता खर्च झालेली असते, शेतातली सुपीक माती गेलेली असते. अख्खी निघालेली वीट पुन्हा वापरायला यातलं काहीच नव्याने लागत नाही, थोडी मजुरी आणि वाहतूक लागते. तुकडे झाले की हा हिशेब संपतो. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच: कचरा किती होणार हे पाडायच्या दिवशी ठरत नाही. गवंडी पहिल्या दिवशी मसाला कालवतो तेव्हाच ते ठरून जातं.

स्लॅबचं काय? काँक्रीट भरडून त्याची खडी करता येते. पण त्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो. तो पाणी जास्त पितो आणि ताकद कमी करतो. म्हणून आपल्या आय.एस. ३८३ या मानकात २०१६ पासून अशी खडी मान्य असली तरी मर्यादा आहे: सळया नसलेल्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, सळयांच्या काँक्रीटमध्ये एम-२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंत २० टक्के आणि पायाखालच्या पीसीसीसारख्या (सळयांशिवायच्या साध्या काँक्रीटच्या) हलक्या कामात पूर्ण १०० टक्के. सळयांचं नशीब चांगलं. त्या भंगारात जातात, जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांत वितळतात आणि पुन्हा सळया होऊन येतात. पोलादाचा गुण टिकतो, वीज मात्र भरपूर लागते.

जुनं सामान वापरण्याची कला वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमध्ये अनेक वर्षं जोपासली. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या ते नव्या घरात बसवत. त्यांची फिलर स्लॅबची युक्ती मला फार आवडते, कारण तिच्यात शुद्ध विज्ञान आहे. स्लॅबवर वजन आलं की वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण जवळपास सोसतच नाही. ताण सळया घेतात. मग सळयांच्या जाळीतल्या मोकळ्या चौकोनांत, खालच्या अंगाला, भरीव काँक्रीट कशाला ओतायचं? बेकर तिथे जुनी मंगलोरी कौलं ठेवत. सिमेंट वाचतं, स्लॅब हलका होतो, दोन कौलं एकमेकांवर उपडी ठेवली तर मध्ये हवा अडकून खोलीही थंड राहते. कोकणात कौलं उतरवून स्लॅब टाकणारी घरं मी दरवर्षी पाहतो, आणि परसात कौलांची रास शेवाळत पडलेली असते. त्याच स्लॅबमध्ये ती मावली असती. अर्थात सळयांतलं अंतर इंजिनिअरकडून काढून घ्यायलाच हवं, हे काम अंदाजाने करायचं नाही.

२०१६ च्या बांधकाम-पाडकाम कचरा नियमांनी मोठ्या कामांवर राडारोडा वेगवेगळा ठेवण्याचं बंधन घातलं: काँक्रीट वेगळं, माती वेगळी, लोखंड-लाकूड-प्लास्टिक वेगळं, विटा-मसाला वेगळा. ढीग वेगळे झाले तरी चिकटलेली वीट सुटत नाही, म्हणून सांध्याकडे लक्ष द्यायला हवं. उंच इमारती नुसत्या चुन्यावर उभ्या राहणार नाहीत, हे मान्यच आहे. चुना सावकाश घट्ट होतो आणि आजचं बांधकाम तेवढं थांबत नाही. पण सांगाडा आरसीसीचा असतो तिथे मधल्या भिंती नुसत्या स्वतःचंच वजन पेलतात. कंपाउंडची भिंत, बागेतला कट्टा यांवरही फारसा भार नसतो. अशा ठिकाणी एक भाग सिमेंट, दोन भाग चुना, नऊ भाग वाळू हे जुनं माप चालतं. सिमेंट लवकर उभं करतं, चुना सांधा मऊ ठेवतो.

वाड्याच्या थप्पीतल्या तीनशे विटा मी विकत घेतल्या. खार फुटलेल्या बाजूला काढल्या, बाकीच्या रात्रभर पाण्यात ठेवल्या. मागच्या अंगणातला कट्टा त्यांतच बांधला, याच मापाने. मिस्त्री आधी तयार नव्हते. "चुना कशाला, सिमेंट स्वस्त पडतंय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले, सांध्यावर अंगठ्याचं नख ओढून बघितलं. बारीक रेघ उमटली. त्यांनी वीट दोन्ही हातांनी हलवून पाहिली. ती जागची हलली नाही. मग ओलं पोतं टाकून ते पुढच्या थराला लागले.