गार केलं म्हणून तांबं अतिसंवाहक होत नाही

‘तांबं, चांदी उत्तम वाहक, पुरेशी गार केली की तीच अतिसंवाहक, म्हणजे विजेला शून्य रोध करणारी, होणार’ हा समज ऐकायला पटतो, पण चुकीचा आहे. अतिसंवाहकतेसाठी इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमाव्या लागतात, आणि नेहमीच्या धातूंत त्या जमवतात अणुजाळीची कंपनं. तांब्यातले इलेक्ट्रॉन या कंपनांना फारसे जुमानतच नाहीत. म्हणून तर ते एरवी इतकं चांगलं वाहक! नायोबियम वाहक म्हणून बेताचंच, पण ९.२ केल्विनच्या (सुमारे उणे २६४ अंश सेल्सिअस) आसपास त्याचा रोध शून्य होतो. अतिसंवाहक चिपसाठी त्याचा पातळ थर निर्वात पेटीत, नायोबियमच्या तबकडीवर आर्गॉन आयनांचा मारा करून सिलिकॉनवर चढवतात. खरी डोकेदुखी ऑक्सिजनची. पेटीत तो थोडा जरी उरला, तरी थरात शिरतो आणि ९.२ हा आकडा घसरतो. ॲल्युमिनियमच्या क्यूबिटसाठी (क्वांटम संगणकातला माहितीचा मूळ घटक) मात्र तोच ऑक्सिजन मुद्दाम सोडतात, दोन थरांमध्ये ऑक्साइडचा जेमतेम नॅनोमीटरभर पापुद्रा धरावा म्हणून.