क्रीक : चेरीच्या बिअरची चव आणि गुणांकन

क्रीक : आंबट चेरी मुरवून केलेली बेल्जियमची बिअर. ब्रसेल्स शहर आणि त्याच्या नैर्ऋत्येचा पायोटनलांड हा तिचा मुलूख. ‘क्रीक’ हा फ्लेमिश शब्द मुळात फळाचा. आंबट चेरीला (प्रूनस सेरासस) तिकडे क्रीक म्हणतात आणि तेच नाव बिअरला पडले. या बिअरसाठी सर्वांत नावाजलेली चेरी शारबेकची. ती लहान, काळपट लाल आणि चांगलीच आंबट असते. शारबेक आज ब्रसेल्सच्या वस्तीत पुरते मिसळून गेले आहे, तरी त्याला ‘गाढवांचे गाव’ ही जुनी ओळख चिकटून आहे, कारण तिथल्या चेऱ्या गाढवांच्या पाठीवरून ब्रसेल्सच्या बाजारात जात.

जगभरचे लहान बिअर-उत्पादक आज चेरी घालून बिअर करतात. काहीजण काळ्या, भाजक्या चवीच्या स्टाउटमध्येही चेरी घालतात. पण चेरीच्या बिअरला गुण देताना जाणकारांच्या मनात मापाला धरलेली असते ती क्रीकच, म्हणून तिची घडण आधी पाहायला हवी.

क्रीकचा पाया म्हणजे लाम्बिक. जवाचा माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) आणि निदान ३० टक्के कच्चा गहू यांचा काढा जुन्या हॉपबरोबर (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांबरोबर) बराच वेळ उकळतात. हॉप मुद्दाम जुना घेतात, कारण त्याचा कडवटपणा गेलेला असतो आणि टिकवण्याचा गुण उरलेला असतो. मग हा काढा उथळ, पसरट हौदात रात्रभर उघडा ठेवतात. यीस्ट वेगळे घालत नाहीत. हवेतले आणि पुढे लाकडी पिंपांतले सूक्ष्मजीव काढा आंबवतात, म्हणून हे काम ऑक्टोबर ते एप्रिल अशा थंडीच्या दिवसांतच चालते. साधे यीस्ट बहुतेक साखर खाऊन टाकते, लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आंबटपणा आणतात आणि शेवटी ब्रेटॅनोमायसिस हे संथ यीस्ट कित्येक महिने काम करत राहते. या यीस्टला हे नाव १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतील निएल्स क्लाउसेन यांनी दिले. उन्हाळ्यात चेरी आली की ती बियांसकट पिंपात जाते. ब्रसेल्सच्या आंडेरलेख्ट भागातली, १९०० साली सुरू झालेली कांतिलों ब्रुअरी लिटरमागे साधारण २०० ग्रॅम फळ घालते. फळातल्या साखरेने आंबवण पुन्हा जागे होते आणि काही महिन्यांत फळाचा गोडवा जवळजवळ संपतो. नवखा माणूस पहिल्याच घोटाला दचकतो तो यामुळे.

आपल्याकडे केकवर बसणारी लालभडक ‘चेरी’ पुष्कळदा करवंदाची असते. बिया काढून, रंगवून, पाकात मुरवलेली. चेरी म्हणजे गोड, ही समजूत तिथूनच आलेली. क्रीक चाखताना ती बाजूला ठेवावी लागते. आमसुलाचे बिनसाखरेचे सार ज्याला आवडते, त्याची जीभ या बिअरला लवकर रुळते. आंबट, किंचित तुरट, तोंडाला पाणी सुटेल अशी चव त्याच्या ओळखीची असते.

बाटलीवर ‘आउडे क्रीक’ लिहिले आहे का, हे आधी पाहावे. आउडे म्हणजे जुनी. या नावाला १९९७ पासून युरोपीय संघाचे संरक्षण आहे आणि पारंपरिक रीतीने केलेल्या, बाटलीतच फेस धरणाऱ्या बिअरलाच ते लावता येते. नुसते ‘क्रीक’ लिहिलेली बिअर गोड केलेली असू शकते, तिच्यात फळाऐवजी रस असू शकतो. लिंडेमान्सची क्रीक चेरीच्या रसाची, गोड आणि ३.५ टक्के मद्यार्काची. आउडे क्रीक सहसा ५ ते ७ टक्क्यांची आणि कोरडी. गोड क्रीकही मन लावून करता येते. पण दोघींना एकाच तराजूत घालणे म्हणजे मोरांब्याला लोणच्याचे गुण देणे.

चाखण्यासाठी बिअर फ्रिजमधून काढल्यावर थोडी थांबावी. बर्फगार क्रीकला वास नसतो, नुसता आंबटपणा असतो. बाटली हळू कलती करून ओतावी म्हणजे तळचा गाळ तळाशीच राहतो. ताज्या क्रीकचा फेस गुलाबी असतो, उजेडात धरलेला पेला माणकासारखा दिसतो. काही वर्षांनी हाच रंग विटकरी होत जातो. पहिला वास फळाचा. त्यामागून ब्रेटॅनोमायसिसचा वास येतो आणि त्याला जुने चाखणारे ‘घोड्याच्या पाठीवरचे कांबळे’ म्हणतात. गोठ्यातले वाळके गवत, दमट लाकूड, जुने चामडे असे काहीसे. ऐकायला विचित्र वाटते, पण बेताने असेल तर बिअरला खोली येते ती यानेच.

तिसरा वास कडू बदामाचा, आणि तो बियांतून येतो. चेरीची बी फोडून आतला मगज दातांखाली चिरडला की हा वास लगेच कळतो. मगजात अॅमिग्डालिन असते, ते फुटले की बेंझाल्डिहाइड सुटते आणि ते पिंपातल्या बिअरमध्ये उतरते. खरी अडचण इथे आहे. बाजारातल्या कृत्रिम चेरी-इसेन्सचा कणाही बेंझाल्डिहाइडच. त्यामुळे अस्सल फळाच्या बिअरमध्येही क्षणभर खोकल्याच्या औषधाचा भास होतो आणि पुष्कळजण तिथेच गुण कापतात. फरक ओळखायचा तो आजूबाजूच्या चवींवरून. इसेन्सच्या बिअरमध्ये तो वास एकटाच पुढे येतो आणि घोटाबरोबर संपतो. फळाच्या बिअरमध्ये त्याच्याबरोबर सालीचा तुरटपणा, आंबटपणा आणि लाकूड असते आणि घोट गिळल्यावरही चव उलगडत राहते.

दोषही नीट ओळखायला हवेत. नखे रंगवायच्या पॉलिशचा वास म्हणजे इथिल अॅसिटेट. घशाला चरचर लावणारा शिरका म्हणजे अॅसेटिक आम्ल वाढलेले. बिअर तेलासारखी ताणून पडत असेल तर ती अजून ‘आजारी’ आहे, ब्रेटॅनोमायसिस तिला कालांतराने बरी करते. सर्वांत फसवा दोष उंदराच्या पिंजऱ्यासारख्या वासाचा. आम्लात तो दबून असतो, म्हणून पेल्यात नाक घातले तरी कळत नाही. लाळेने तोंडातली आम्लता उतरली की मग तो वर येतो. म्हणून घोट गिळून अर्धा मिनिट गप्प बसावे आणि मगच आकडा लिहावा.

गुण देण्याच्या पद्धतींत बीजेसीपी (बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम) या अमेरिकी संस्थेचा ५० गुणांचा तक्ता सर्वाधिक वापरात आहे : वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण ठसा १०. बिअरअॅडव्होकेट या संकेतस्थळाचे प्रमाणही टक्क्यांत मांडले तर हेच निघते. रेटबिअर या संकेतस्थळाने मात्र एकूण ठशाला ५० पैकी २० गुण दिले होते. २०१० मध्ये आलेल्या अनटॅप्ड या अॅपवर तर पाचांपैकी एकच आकडा द्यायचा असतो. बीजेसीपीच्या परीक्षकाला बिअर कोणत्या प्रकारातली आहे हे आधी माहीत असते आणि त्या प्रकाराच्या वर्णनाशी तो ती ताडून पाहतो. अॅपवर हे बंधन नाही. गोडाची अपेक्षा धरून बसलेला आउडे क्रीकला एक देतो, लाम्बिकवेडा पाच देतो आणि दोघांची सरासरी तीन येते. हा तीन कोणाच्याच जिभेचा नसतो. म्हणून आकड्यापेक्षा शेजारची दोन ओळींची नोंद मोलाची, हे माझे ठाम मत आहे.

क्रीकचे माप लावूनही वेगळ्या वाटेच्या बिअरला न्याय देता येतो. अमेरिकेतल्या न्यू ग्लारस ब्रुअरीची ‘विस्कॉन्सिन बेल्जियन रेड’ गोडसर आहे. तिच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीमागे डोर काउंटीतल्या माँमोरेन्सी चेऱ्या अर्ध्या किलोच्या आसपास लागतात. तिथे आंबट कोरडेपणा शोधायचा नाही, इतके फळ घालूनही ती सरबत न होता बिअर राहिली का, एवढे पाहायचे.

एका बैठकीत बऱ्याच बाटल्या असतील तर आधी बिनफळाची ग्योझ (जुन्या-नव्या लाम्बिकच्या मिश्रणाची बिअर), मग आउडे क्रीक आणि गोड प्रकार शेवटी. गोड आधी घेतले तर पुढची प्रत्येक बिअर शिरक्यासारखी लागते. मध्ये पाणी आणि साधा पाव पुरे. पायोटनलांडात पावावर मऊ ताजे चीज आणि मुळ्याच्या चकत्या ठेवून खातात. पूर्वी कॅफेत गिऱ्हाईक साखरेचा खडा मागून घेई आणि धातूच्या छोट्या दांडीने पेल्यातच चिरडी, म्हणजे गोडाची मात्रा ज्याची तो ठरवी.

नोंदीत बाटलीचे वर्ष आणि चाखल्याची तारीख हवीच. पहिल्या वर्षी फळ पुढे असते. तीन-चार वर्षांत ते मागे सरते, बदाम आणि लाकूड वर येते, आंबटपणाची धार बदलते. एकाच सालच्या दोन बाटल्या घ्याव्यात, एक लगेच उघडावी आणि दुसरी अंधाऱ्या, थंड जागी आडवी ठेवून द्यावी. तीन वर्षांनी दुसरी उघडताना पहिलीची नोंद शेजारी असली, की कोणती चव फळाची होती आणि कोणती पिंपाची, हे त्या पेल्यातच कळते.