मिलिंग यंत्राचे सीएनसी रूपांतर : स्टेपर मोटर व ड्रायव्हर यांची निवड

हँडल फिरवून चालणाऱ्या मिलिंग यंत्राच्या टेबल (डावे-उजवे सरकणारा), सॅडल (मागे-पुढे सरकणारा) व नी (वर-खाली होणारा) या तीन अक्षांना मोटरी जोडून ते संगणकाच्या आज्ञेवर चालवणे याला सीएनसी रूपांतर म्हणतात. वर्कशॉपमध्ये नुसते ‘कन्व्हर्शन’ एवढाच शब्द चालतो. प्रत्येक अक्षासाठी एक स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर) आणि तिला प्रवाह पुरवणारा एक ड्रायव्हर लागतो. बेळगावातील उद्यमबाग व मच्छे परिसर आणि तिथून निपाणीवरून कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगावपर्यंतचा पट्टा बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) ओतकामासाठी व त्यावरील मशीनिंगसाठी ओळखला जातो. अशा भागात एचएमटीच्या एफएन-२ सारखे जुने, वजनदार यंत्र भंगारात घालण्यासारखे नसते. त्याचा बिडाचा सांगाडा आजही कंपने शोषून घेतो, म्हणून रूपांतराचा विचार रास्त ठरतो. मिस्त्री मराठी असो की कन्नड, नी, गिब (मार्गिकेतील ढिलाई काढणारी पट्टी), बॅकलॅश (स्क्रू-नटातील ढिलाई) हे शब्द दोघांच्याही तोंडी तेच असतात.

सर्वसाधारण स्टेपर मोटर हायब्रिड जातीची, दोन फेजची असते. तिचा एक टप्पा १.८ अंशांचा, म्हणजे एका फेऱ्यात २०० टप्पे. नियंत्रकाकडून आलेल्या प्रत्येक पल्सला (विजेच्या ठोक्याला) ड्रायव्हर मोटर ठरावीक कोनात पुढे सरकवतो. मोटर खरोखर सरकली की नाही, हे साध्या जोडणीत कुणीच तपासत नाही. भार पेलला नाही तर ती टप्पे चुकते आणि तिथून पुढचा सगळा जॉब (कापायचा तुकडा) तेवढ्या फरकाने सरकून कापला जातो. नियंत्रकाच्या पडद्यावर मात्र आकडे बरोबरच दिसत राहतात. त्यामुळे येथे मोटरीची निवड काळजीने करावी लागते.

निवडीतील सर्वांत मोठी गफलत नेमा क्रमांकाने होते. नेमा २३ म्हणजे मोटरीचा दर्शनी चौकोन सुमारे ५७ मिमीचा, नेमा ३४ म्हणजे ८६ मिमीचा. हा क्रमांक ताकद सांगत नाही, फक्त बसवण्याचे माप सांगतो. मोटरीच्या पाटीवर छापलेला होल्डिंग टॉर्क (धरून ठेवण्याचा पीळ-जोर) हा मोटर थांबलेली असतानाचा असतो. वेग वाढला की टॉर्क घसरतो, कारण गुंडाळीचे इंडक्टन्स प्रवाहाला लगेच वाढू देत नाही आणि फिरणारा रोटर उलट विद्युत दाबही निर्माण करतो. म्हणून जास्त इंडक्टन्सची १२ न्यूटन-मीटरची अवजड मोटर कमी व्होल्टेजवर मिनिटाला ६०० फेऱ्यांना तिच्या अर्ध्या आकाराच्या मोटरीपेक्षा दुबळी ठरू शकते. ‘मोठी घेतली की झाले’ या समजुतीने अनेकांचे पैसे वाया जातात, हे स्पष्ट सांगायला हवे. वेग आणि टॉर्क यांचा आलेख देत नाही अशा विक्रेत्याची मोटर घेऊ नये.

हिशेब स्क्रूपासून सुरू करावा. समजा बॉलस्क्रूची (नटात गोळ्या फिरणाऱ्या, कमी घर्षणाच्या स्क्रूची) लीड, म्हणजे एका फेऱ्यात सरकण्याचे अंतर, ५ मिमी आहे, टेबल व जॉब मिळून वजन २०० किलो आहे आणि डव्हटेलच्या (तिरकस खाचेच्या) मार्गिकांचे घर्षण ०.१५ धरले. घर्षणाला सुमारे ३०० न्यूटन लागतात. गिबचा घट्टपणा आणि बिडावरचा मध्यम कट मिळून एकूण १५०० न्यूटन धरू. बॉलस्क्रूची कार्यक्षमता ०.९ घेतली तर लागणारा टॉर्क १५०० × ०.००५ ÷ (२ × ३.१४ × ०.९), म्हणजे सुमारे १.३ न्यूटन-मीटर. दुप्पट राखीव ठेवला तर २.७. मिनिटाला ३०० मिमी फीडला (कापतानाच्या सरकण्याच्या वेगाला) स्क्रू फक्त ६० फेरे घेतो, आणि या संथ वेगाला मोटर जवळपास पूर्ण टॉर्क देते. रॅपिडला, म्हणजे न कापता वेगाने सरकताना, गणित बदलते. ३००० मिमीला ६०० फेरे होतात, पण तेव्हा कट नसतो, म्हणून घर्षण व गती वाढवण्याचा जोर मिळून ५०० न्यूटन पुरतात. त्याला दुप्पट राखीव धरून सुमारे ०.९ न्यूटन-मीटर लागतो. मोटर या दोन्ही बिंदूंवर टिकली पाहिजे, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या बिंदूवरच ती नापास होते.

तेच गणित जुन्या ट्रॅपिझॉइडल आट्यांच्या स्क्रूवर केले तर कार्यक्षमता ०.३ च्या आसपास येते, टॉर्क चार न्यूटन-मीटर होतो आणि राखीव धरून आठ. शिवाय झिजलेल्या नटाची ढिलाई मोटर भरून काढत नाही. क्लाइंब मिलिंगला (कटर व जॉब एकाच दिशेने सरकतात तेव्हा) कटर टेबल ओढून घेतो आणि त्या ढिलाईत जॉब झटका खातो. पैसे मोजके असतील तर ते आधी बॉलस्क्रूवर व गिबच्या दुरुस्तीवर खर्च करावेत, मोटर नंतर बघावी.

मोटर ठरली की तिचे इंडक्टन्स पाहून व्होल्टेज ठरवतात. प्रचलित ठोकताळा असा की मिलिहेन्रीतील इंडक्टन्सच्या वर्गमुळाला ३२ ने गुणावे. ३ मिलिहेन्रीला साधारण ५५ व्होल्ट, ८ मिलिहेन्रीला ९० व्होल्ट. आठ तारांची मोटर सिरीजमध्ये जोडली तर इंडक्टन्स पॅरलल जोडणीच्या चौपट होते, म्हणून रॅपिडसाठी पॅरलल जोडणी बरी, फक्त ड्रायव्हरला दुप्पट प्रवाह द्यावा लागतो.

ड्रायव्हरची कमाल मर्यादा आणि पुरवठा यांच्यात अंतर हवे. डीएम५४२ हा लोकप्रिय ड्रायव्हर २० ते ५० व्होल्ट डीसी व ४.२ अँपिअरपर्यंतचा आहे. त्यासाठी ३६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पुरेसा वाटतो, पण एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व कपॅसिटरनंतर तो जवळपास ५० व्होल्ट देतो. घरच्या लाईनचे नाममात्र २३० व्होल्ट दहा टक्के चढून २५३ झाले, तर तेच ५५ च्या आसपास जाते आणि ड्रायव्हर जळतो. फाउंड्री वसाहतीत शेजारची भट्टी किंवा वेल्डिंग यंत्र चालू-बंद होताना लाईन वरखाली होते, तेव्हा ही चूक अधिक महागात पडते. ८० व्होल्टचा ड्रायव्हर घेऊन ४८ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरने सुमारे ६८ व्होल्ट दिले, तर दहा टक्क्यांची उसळी आली तरी मर्यादा ओलांडली जात नाही. वेगाने थांबणारी मोटर थोडी वीज पुरवठ्याकडे परत ढकलते, त्यासाठीही ही जागा लागते. ड्रायव्हर चालू असताना मोटरीची तार कधीही काढू नये. तेवढ्याने ड्रायव्हर कायमचा जाऊ शकतो.

मायक्रोस्टेपिंगचा, म्हणजे एका टप्प्याचे आणखी बारीक भाग करण्याचा, गाजावाजा जास्त होतो. एका फेऱ्याला २००० पल्स ठेवले तर ५ मिमी लीडवर एक पल्स २.५ मायक्रॉनचा होतो, पण ती अचूकता नव्हे. भार टॉर्कच्या टोकाजवळ गेला की रोटर जवळपास एक पूर्ण टप्पा, म्हणजे २५ मायक्रॉन, मागे राहतो. मायक्रोस्टेपिंगचा खरा फायदा मोटर गुळगुळीत चालण्यात आणि ठरावीक वेगावरची थरथर कमी होण्यात आहे. एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा) लावलेली क्लोज्ड-लूप स्टेपर टप्पा चुकला तर यंत्र थांबवते. महाग कास्टिंग वाचवायचे असेल तर हा जादा खर्च करावा.

बीड बहुतेक कोरडेच कापतात. त्याची भुकटी काळी, बारीक, वीज वाहून नेणारी आणि मोटरीच्या चुंबकाला चिकटणारी असते. पंख्याने बाहेरची हवा आत ओढणाऱ्या उघड्या पेटीतले ड्रायव्हर अशा भुकटीत फार टिकत नाहीत. बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला पावसाळ्यातली दमट हवा आणखी भर घालते, कारण ओलसर भुकटीतून ड्रायव्हरमधल्या चिपच्या पाया-पायांमध्ये विजेची गळती सुरू होते. म्हणून पेटी बंद हवी, हवा गाळणीतून यावी आणि ड्रायव्हरचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पेटीच्या मागच्या पत्र्याला टेकवून उष्णता बाहेर काढावी. स्टेपर बाहेरून ७०–८० अंशांना तापते आणि ते नेहमीचे आहे, पण तिच्याशेजारची केबल त्या उष्णतेला टिकणारी निवडावी.

नी अक्षावर वेगळा धोका असतो. जुना स्क्रू स्वतःच अडून राहतो, बॉलस्क्रू राहत नाही. वीज गेली की नी, सॅडल, टेबल आणि वरचा जॉब खाली घसरू लागतात. ब्रेक असलेली मोटर, किंवा वजन तोलणारा गॅस स्प्रिंग, यापैकी एक तरी हवेच. काही ड्रायव्हर मोटर थांबल्यावर प्रवाह अर्ध्यावर आणतात. या अक्षासाठी ती सोय बंद ठेवावी आणि ब्रेकची तार अशी जोडावी की वीज असेपर्यंत ब्रेक सुटलेला व वीज गेल्याबरोबर आवळलेला राहील.