फीका की काफेरेप? कॉफी तीच, बिस्किटं तीच, पण मामला वेगळा

स्वीडनमधे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कानावर पडतो तो शब्द म्हणजे फीका, म्हणजे काम थांबवून कॉफी आणि काहीतरी गोड घेत सगळ्यांसोबत बसणं. दीर्घ ई मुद्दाम लिहितेय, उच्चार तसाच आहे, आणि आपला फिका डोक्यातून जावा म्हणून पण, कारण इथली कॉफी अजिबात फिकी नसते, चांगली कडक, बहुतेकवेळा काळीच, आणि दरडोई कॉफी पिण्यात हे लोक फिनलंडच्या जोडीने जगात कायम वरच्या नंबरात असतात. पण फीका म्हणून जे फोटो फिरतात ना, भरतकाम केलेला टेबलक्लॉथ, नाजूक कपबश्या, सात तऱ्हेची बिस्किटं, तो फीका नाहीच. त्याला काफेरेप म्हणतात, म्हणजे घरी रीतसर बोलावून केलेला कॉफीचा कार्यक्रम. आणि हा फरक माहीत नसला की कोणाच्या तरी घरी जाऊन आपल्या हातून चूक होते, माझ्या हातून झालीये म्हणून सांगतेय.

आधी फीका. कॉफीला जुन्या बोलीभाषेत काफ्फी म्हणायचे, १९व्या शतकात शब्दातली अक्षरं उलटी करून बोलायची एक पद्धत होती, त्यातून काफ्फीचं झालं फीका. हे नाम पण आहे आणि क्रियापद पण, म्हणजे "स्का वी फीका?" एवढं विचारलं की झालं, बसूया का जरा. कॉफीच हवी असंही नाही, चहा घ्या, पोरांना सरबत द्या, सोबत काहीतरी गोड असलं की बास. ऑफिसात साधारण सकाळी नऊ-दहाला आणि दुपारी तीनच्या आसपास लोक खुर्चीवरून उठतात आणि फीकाच्या खोलीत जाऊन बसतात. कोणी कोणाला वाढत नाही, मशीनमधून आपली आपण भरून घ्यायची, मग आपला कप आपण धुवायचा, आणि साहेब, नवीन लागलेली मुलगी, सगळे एकाच टेबलाला. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. आणि कप घेऊन आपल्या डेस्कवर परत जाल तर ती फक्त कॉफी झाली, फीका नाही! नवीन माणसाने दोन-चारदा असं केलं की लोकांना वाटतं याला आपल्यात बसायचं नाहीये.

बरेच ठिकाणी शुक्रवारी आळीपाळीने कोणीतरी घरून काही भाजून आणतं, आणि वाढदिवस ज्याचा त्यानेच केक आणायचा. सगळ्यात जास्त दिसतो तो कानेलबुल्ले, दालचिनीचा गुंडाळलेला पाव, वरून मोत्यासारखी जाड साखर. त्याच्यासाठी १९९९ पासून ४ ऑक्टोबर हा दिवसच ठेवलाय. नाव दालचिनीचं असलं तरी पिठात वेलची असते, आणि ती अगदी पूड न करता जरा भरड कुटलेली, त्यामुळे दाताखाली येते. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा पुरणाच्या वासाने मी एकदम घरी पोचले होते. बाकी घरचंच हवं असा फीकाला काही हट्ट नाही, दुकानातलं पाकीट फोडलं तरी चालतं.

काफेरेपला मात्र नाही चालत. तिथे भाजणं हाच खरा कार्यक्रम.

त्याची कथा जुनी आहे. १८व्या शतकात स्वीडनमधे कॉफीवर कितीदा तरी बंदी आली, पहिली १७५६ मधे, आणि शेवटची उठली ती १८२०च्या दशकात. मग कॉफी घराघरात शिरली, पुढे स्वयंपाकघरात ओव्हनवाल्या लोखंडी चुली आल्या, आणि बारीकसारीक बिस्किटं घरी भाजणं शक्य झालं. बायकांना गुत्त्यावर जाऊन बसायची सोय नव्हतीच, मग दुपारी एकमेकींच्या घरी कॉफीला बोलवायची रीत पडली, तेच काफेरेप. आपल्या हळदीकुंकवाशी जास्त जवळचं, ऑफिसच्या ब्रेकशी नाही.

इथे बोलावणं आधी येतं, दिवस-वेळ ठरलेली, आणि खाण्याचा क्रम पण ठरलेला. आधी गोड पाव, मग सोकेरकाका म्हणजे साधा मऊ केक, मग छोटी बिस्किटं, शेवटी क्रीमचा केक. बिस्किटं सात प्रकारची. सातपेक्षा कमी केली तर घरची बाई चिक्कू, जास्त केली तर दिखाऊ, असं म्हणायचे. कॉफी घरची बाईच ओतणार, दुसरा कप पण तीच भरणार, त्या दुसऱ्या कपाला पोतोर असा वेगळा शब्द आहे. पाहुण्याने आधी नको नको म्हणायचं, तिने घ्या हो घ्या म्हणायचं, त्यालाही खास शब्द आहे, त्रुगा. आग्रह हो, अगदी आपलाच! फीकाला असलं काही नसतं, तिथे हवं तर घ्या नको तर राहू द्या.

हा सात आकडा इतका रुजलाय की १९४५ मधे 'सात प्रकारची बिस्किटं' अशाच नावाचं पाककृतींचं पुस्तक निघालं, ते आजही घरोघरी सापडतं. युद्धाच्या वर्षांत कॉफी रेशनवर होती, त्याच्यानंतर लोकांना हे सगळं किती हवंसं झालं असेल विचार करा.

तर माझी चूक. आमच्या बिल्डिंगमधल्या एक आजी, ऐंशीच्या पुढच्या, त्यांनी रविवारी दोनला कॉफीला ये म्हणून सांगितलं. मी धरून चालले की फीका, म्हणून जेवून गेले, तेही वीस मिनिटं उशिरा. पाव आले, मी दोन खाल्ले. मग केक आला. मग बिस्किटांचं ताट, रास्पबेरीचा जॅम भरलेली ज्यांना इथे रास्पबेरीच्या गुहा म्हणतात ती, बुद्धिबळाच्या पटासारखी काळीपांढरी, अजून पाच. मी दोन घेतली आणि पोट भरलं म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत पण चेहरा उतरला, आणि मला कारणच कळेना. नंतर एका मैत्रिणीने सांगितलं की प्रत्येकातलं एकेक चाखायचंच असतं, त्यांनी बहुतेक दोन दिवस आधीपासून भाजलं असणार. खूप वाईट वाटलं.

आता काफेरेप तसे कमीच होत चाललेत, तरुण लोक करत नाहीत फारसे, म्हणून तर दोन्ही शब्दांची सरमिसळ होते. पण बोलावणारी व्यक्ती वयस्कर असेल, वेळ नेमकी सांगितली असेल, तर जेवून जाऊ नका, ठोक्याला पोचा आणि फुलं न्या.

पुढच्या खेपेला मी उपाशी गेले, सातही खाल्ली. आजी इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला 'स्वप्नं' नावाची बिस्किटं शिकवली. त्यात बेकिंग पावडर नाही तर अमोनियम कार्बोनेट घालतात, भाजताना ओव्हन उघडला की वास असा येतो की डोळ्यातून पाणीच येतं, त्या म्हणाल्या खिडकी उघड आणि थांब. पाच-दहा मिनिटांत वास गेला, आणि बिस्किट तोंडात टाकलं तर नानकटाईपेक्षा हलकं, चावायच्या आधीच विरघळलं.