लॅपटॉपच्या प्रोसेसरची तुलना इतकी अवघड का झाली

इंटेलच्या कोअर आय७-७५००यू या प्रोसेसरच्या माहितीपत्रकात मूळ वेग २.७ गिगाहर्ट्झ दिलेला आहे. पुढच्याच पिढीतल्या, ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या आय७-८५५०यूचा मूळ वेग आहे १.८ गिगाहर्ट्झ. वीजमर्यादा दोघांची सारखीच, १५ वॉट. नुसते आकडे बघणारा पहिला उचलेल आणि फसेल. दुसऱ्यात दोनाऐवजी चार कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, आहेत. शिवाय एकटा कोअर राबत असेल तर तो ४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, पहिला ३.५ वर थांबतो. १.८ हा आकडा खोटा नाही. चारही कोअर एकदम कामाला लागले आणि १५ वॉटच्या पुढे जायचं नसेल, तर निदान एवढा वेग मिळेल, इतकंच तो सांगतो. वेगाचा आकडा असा उलगडून वाचावा लागतो, हे काही एका दिवसात झालेलं नाही.

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्यातला इंटेल ८०८८ हा ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. पुढे कितीतरी वर्षं प्रोसेसर मेगाहर्ट्झनेच, म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष ठोके यावरूनच, ओळखला गेला. एकाच घराण्यातल्या दोन चिप्सपुरतं ते बरोबरही होतं. इंटेलचा ३३ मेगाहर्ट्झचा ४८६ हा २५ वाल्यापेक्षा वेगवान असणारच. पण आधीच्या पिढीतला ३३ मेगाहर्ट्झचा ३८६ आणि ३३ मेगाहर्ट्झचाच ४८६ शेजारी ठेवले की गणित बिघडायचं, कारण ४८६ तेवढ्याच ठोक्यांत बरंच जास्त काम उरकायचा. रहाटाचे फेरे मोजून पाणी किती उपसलं ते कळत नाही, गाडगी केवढी आहेत तेही बघावं लागतं.

१९९६ मध्ये सायरिक्स या कंपनीने यावर आपल्यापुरता तोडगा काढला. तिच्या ६एक्स८६ मालिकेतल्या १३३ मेगाहर्ट्झच्या एका चिपचं नाव होतं पी१६६+, म्हणजे इंटेलच्या १६६ मेगाहर्ट्झच्या पेंटियमच्या तोडीची. ऑफिसच्या कामांच्या चाचण्यांत हा दावा टिकायचा. मग त्याच वर्षी क्वेक हा गेम आला. त्याची सगळी भिस्त अपूर्णांकांच्या गणितावर, म्हणजे फ्लोटिंग पॉइंटवर होती, आणि सायरिक्सचं नेमकं तेच अंग दुबळं होतं. पत्रं आणि हिशोब यांत पेंटियमला मागे टाकणारी चिप गेममध्ये साफ मागे पडली. 'वेगवान कोणता?' या प्रश्नाला 'कशासाठी?' हे शेपूट तेव्हापासून चिकटलं ते कायमचं.

मोठ्या संगणकांवर काम करणारे लोक बरंच आधीपासून दुसऱ्या वाटेने जात होते: ठरावीक प्रोग्रॅम चालवायचा आणि वेळ मोजायची. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये व्हेटस्टोन आला, १९८४ साली राइनहोल्ड वायकर यांचा ड्राइस्टोन. ड्राइस्टोन अगदी चिमुकला होता, अख्खा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या जवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, मावायचा. त्यातल्या एखाद्या हिशोबाचं उत्तर पुढे कुठेच वापरलं जात नाही हे हुशार कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला, कळलं, की तो ते काम सरळ गाळून टाकायचा. १९८८ मध्ये कंपन्यांनी एकत्र येऊन स्पेक ही संस्था काढली आणि खऱ्या वापरातले प्रोग्रॅम चाचणीला लावायचे ठरवले. तरी १९८९ च्या पहिल्या संचात मॅट्रिक्स३०० नावाचा एक प्रोग्रॅम राहून गेला. त्याचा जवळजवळ सगळा वेळ कोडच्या एकाच ओळीत जायचा. कंपायलरवाल्यांनी तेवढी ओळ पकडली, मोठ्या मॅट्रिक्सचे, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांचे, कॅशमध्ये मावतील असे तुकडे पाडले, आणि आयबीएमच्या एका यंत्रावर त्या प्रोग्रॅमचा वेग नऊपटीहून जास्त वाढला. प्रोसेसर तोच, यंत्र तेच. १९९२ च्या संचातून मॅट्रिक्स३०० काढून टाकावा लागला. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०२४ च्या सुरुवातीला याच संस्थेने २,६०० हून जास्त निकाल अवैध ठरवले, कारण इंटेलच्या कंपायलरमध्ये एका विशिष्ट चाचणीपुरती मखलाशी केलेली सापडली. मोजमाप सगळ्यांना माहीत झालं की माल त्या मापाचा घडू लागतो, आणि बेंचमार्कचे, म्हणजे अशा चाचण्यांचे, आकडे वाचताना मी हे कधी विसरत नाही.

नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला, तेव्हा मेगाहर्ट्झचं वेड टोकाला गेलं होतं. पेंटियम ३ ची पाइपलाइन, म्हणजे प्रत्येक सूचना ज्यातून जाते ती टप्प्यांची रांग, १० टप्प्यांची होती, पेंटियम ४ ची २०. काम बारीक टप्प्यांत वाटलं की ठोके भराभर देता येतात. पण प्रोग्रॅम पुढे कुठे वळेल याचा अंदाज चुकला, तर अर्ध्यावर आलेलं सगळं टाकून पुन्हा सुरुवात करावी लागते, आणि पाइपलाइन जितकी लांब तितकी ही नासाडी मोठी. म्हणून १.४ गिगाहर्ट्झचा नवा पेंटियम ४ काही कामांत १ गिगाहर्ट्झच्या जुन्या पेंटियम ३ कडून हरायचा. जुलै २००१ मध्ये अ‍ॅपलने भर कार्यक्रमात आपल्या मॅकमधला ८६७ मेगाहर्ट्झचा पॉवरपीसी जी४ प्रोसेसर जवळजवळ दुप्पट ठोक्यांच्या पेंटियम ४ ला कसा हरवतो ते दाखवलं, अर्थात स्वतः निवडलेल्या कामांत. ऑक्टोबरमध्ये इंटेलची स्पर्धक एएमडीने १.५३ गिगाहर्ट्झच्या अ‍ॅथलॉन एक्सपीचं नाव १८००+ ठेवलं. पण मेगाहर्ट्झचा कणा मोडला तो लॅपटॉपने, आणि तोही इंटेलच्याच घरात.

पेंटियम ४ लॅपटॉपमध्ये कोंबला की तो तापायचा आणि बॅटरी भराभर संपायची. इस्रायलमधल्या हैफा इथल्या इंटेलच्या गटाने पेंटियम ३ च्या वळणावर जाऊन वेगळीच चिप घडवली: ठोके कमी, प्रत्येक ठोक्यात काम जास्त, १ एमबी कॅश, आणि जो भाग रिकामा बसलाय त्याची वीज तोडायची. मार्च २००३ मध्ये ती पेंटियम एम या नावाने आली. १.६ गिगाहर्ट्झचा पेंटियम एम कमी वीज खाऊन लॅपटॉपसाठीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४-एमला बऱ्याच कामांत मागे टाकायचा. विक्रीच्या दृष्टीने ही मोठीच अडचण होती. इतकी वर्षं गिगाहर्ट्झ दाखवून माल खपवला, आता कमी गिगाहर्ट्झवाला चांगला हे सांगायचं कसं? मे २००४ मध्ये २ गिगाहर्ट्झच्या नव्या पेंटियम एमला ७५५ असा नुसता क्रमांक मिळाला आणि वेग नावातून गेला. त्याच वर्षी ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेतही रद्द झाला. २००६ चा कोअर ड्युओ पेंटियम एमच्याच वंशातला. माझ्या मते लॅपटॉप प्रोसेसरच्या इतिहासात याहून महत्त्वाचं वळण नाही.

दुसरा धागा विजेचा. जानेवारी २००० मध्ये इंटेलने स्पीडस्टेप आणलं. ६५० मेगाहर्ट्झचा मोबाइल पेंटियम ३ चार्जर काढला की ५०० वर यायचा आणि व्होल्टेज १.६ वरून १.३५ वर. चिपला लागणारी वीज ठोक्यांच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. हिशोब मांडला तर वेग २३ टक्क्यांनी उतरतो आणि वीज सुमारे ४५ टक्क्यांनी. सौदा उत्तम होता, पण एकाच चिपला दोन वेग आले.

२००९ मध्ये लॅपटॉपच्या आय७ मध्ये टर्बो, म्हणजे वाव असेल तेव्हा मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय, आला आणि दोनाचे अनेक झाले. आय७-७२०क्यूएमचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, टर्बो २.८ पर्यंत. २०११ पासून त्यात वेळही शिरली. चिप थंड असताना ती ठरलेल्या वॉटपेक्षा जास्त वीज ओढते, नेहमीच्या मांडणीत सुमारे २८ सेकंद, आणि मग मुकाट्याने मर्यादेत परतते. या मर्यादा किती ठेवायच्या, हे बऱ्याच अंशी लॅपटॉप बनवणारा ठरवतो. १५ वॉटची म्हणून विकलेली आय७-८५५०यू कुणी १० वॉटवर बांधून ठेवू शकतो, कुणी २५ पर्यंत सोडू शकतो. नाव तेच, स्टिकर तोच. इंटेलने बाराव्या पिढीपासून निदान दोन आकडे उघड छापायला सुरुवात केली. आय७-१२५५यूची मूळ वीज १५ वॉट, कमाल टर्बो ५५ वॉट. खरा लॅपटॉप या दोहोंच्या मध्ये कुठे बसतो, ते त्याचा पंखा आणि उष्णता वाहून नेणारी त्याची तांब्याची नळी ठरवते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण नोव्हेंबर २०२० चं आहे. अ‍ॅपलचा एम१ प्रोसेसर एकाच वेळी बिनपंख्याच्या मॅकबुक एअरमध्ये आणि पंखा असलेल्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये आला. छोट्या चाचण्यांत दोघे बरोबरीने धावायचे. काम लांबलं की काही मिनिटांनी एअर हळू व्हायचा, प्रो होता तसाच राहायचा. त्याच महिन्यात आलेल्या सिनेबेंच आर२३ या बेंचमार्कने आपली नेहमीची चाचणी किमान १० मिनिटं चालेल असं ठरवलं. त्याआधीच्या आवृत्त्यांत एका फेरीवर काम भागायचं, म्हणजे पुष्कळदा टर्बोची चलती असतानाच निकाल हाती यायचा. गीकबेंच हा दुसरा बेंचमार्क अजूनही कामांच्या मध्ये थोडा दम घेतो, त्यामुळे त्याचा आकडा अचानक लागणाऱ्या वेगाचा, दमाचा नव्हे. २०२३ च्या सहाव्या आवृत्तीत त्याने सगळ्या कोअरना एकाच कामावर जुंपायला सुरुवात केली, तेव्हा कोअर वाढले तरी आकडा त्या प्रमाणात वाढेना. जीन अ‍ॅमडाल या संगणक-रचनाकाराने १९६७ मध्येच हे मांडून ठेवलं होतं: कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तो एकूण वेगाला अडवून धरतो.

नावांचा गोंधळ वेगळाच. २०१७ च्या सुरुवातीला आय७-७५००यूमध्ये दोन कोअर होते आणि आय७-७७००एचक्यूमध्ये चार, पण बोलताना दोन्ही नुसते 'आय७'. एएमडीचे रायझन ५ ७५२०यू आणि ७५४०यू क्रमांकाने शेजारी, पण पहिल्याचा गाभा जुना, झेन २, आणि दुसऱ्याचा बराच नवा, झेन ४. फरक तिसऱ्या अंकात लपलेला आहे, आणि तो अंक कुणी समजावल्याशिवाय कळत नाही.

मी एकदा एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवून १० मिनिटांची चाचणी लावली होती, एक पातळ, एक चांगला जाडजूड. सुरुवातीला दोन्ही पडद्यांवरचे चौकोन सारख्याच झपाट्याने भरत होते. अर्ध्या मिनिटानंतर पातळ लॅपटॉपचा वेगाचा आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला. पाचव्या मिनिटाला त्याच्या कीबोर्डची वरची पट्टी हाताला चटका देत होती आणि जाडजूड लॅपटॉप पंख्याचा आवाज करत बराच पुढे निघून गेला होता. मग दोन्हींचे चार्जर काढून तीच चाचणी पुन्हा लावली. जाडजूड लॅपटॉपने पहिल्याच मिनिटात वीज आखडती घेतली, आणि पातळ पुढे गेला.