रंगदृष्टी

सुमारे ३८० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश माणसाच्या डोळ्याला दिसतो. ही दोन्ही टोके काटेकोर नाहीत. ४०० च्या खाली आणि ७०० च्या वर प्रकाश चांगलाच प्रखर असावा लागतो. अतिनील किरण बहुतांशी डोळ्यातले भिंगच अडवते. शाळेत पाठ केलेले ‘तानापिहिनिपाजा’ ही न्यूटनची सोय आहे. वर्णपटात अशा रेषा आखलेल्या नाहीत.

दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, रंग टिपणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांची संवेदनक्षमता अनुक्रमे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. शेवटच्या दोघींचे पट्टे एकमेकांवर बरेच चढलेले असतात. एकट्या शंकुपेशीला रंग कळत नाही, कारण प्रकाशकण शोषला गेला की त्याची तरंगलांबी कोणती होती ही माहिती पुसली जाते. रंग ठरतो तो तिन्हींच्या संकेतांच्या तुलनेतून, आणि ही तुलना दृष्टिपटलातच सुरू होते.

म्हणूनच डोळा फसतो. ५८० नॅनोमीटरचा शुद्ध पिवळा आणि मोबाइलच्या पडद्यावरचा तांबडा-हिरवा मिळून झालेला पिवळा यांत त्याला फरक करता येत नाही. राणी रंगाला तर स्वतःची तरंगलांबीच नाही. वर्णपटाची दोन्ही टोके एकदम उद्दीपित झाली आणि मधला हिरवा भाग गप्प राहिला की तो दिसतो.

साडीवरचे ब्लाउजपीस दुकानात तंतोतंत जुळते आणि घरी वेगळे दिसते, त्याचे कारण हेच. पांढऱ्या एलईडीत साधारण ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश आणि त्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळसर प्रकाश देणाऱ्या लेपाचा, पिवळसर पट्टा असतो. स्वस्त दिव्यांत गडद तांबडा भाग तोकडा पडतो. दोन कापडांचे रंगद्रव्य वेगळे असेल, तर दुकानातल्या अशा दिव्याखाली झाकलेला फरक दुसऱ्या उजेडात उघडा पडतो. मरून आणि मोरपंखी यांत हा घोळ जास्त. कापडे दुकानाबाहेर, थेट उन्हात नव्हे तर सावलीतल्या उजेडात, काठाला काठ लावून आणि विणीची दिशा एकच ठेवून पाहावीत. मग संध्याकाळी जिथे नेसायची तिथल्या दिव्याखालीही एकदा पाहावीत.

मंद प्रकाशात काम दृष्टिपटलावरच्या दुसऱ्या पेशींकडे, दंडपेशींकडे जाते. त्यांत रंगद्रव्य एकच, सुमारे ५०० नॅनोमीटरला सर्वाधिक संवेदनशील. त्यामुळे रंग कळत नाहीत. दिवेलागणीला लाल जास्वंद काळवंडते आणि पाने त्यामानाने उजळ वाटतात, याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. दंडपेशी अंधाराला पुरत्या सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. लांब तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशाला त्या फारसा प्रतिसाद देत नसल्याने आकाशनिरीक्षक मंद लाल टॉर्च वापरतात.

मध्यम आणि दीर्घ तरंगलांबीच्या शंकुपेशींची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषांत ते एकच असते, त्यामुळे तांबडा-हिरवा रंगदोष पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. ‘रंगांध’ म्हटले तरी अशा माणसाला जग कृष्णधवल दिसत नाही. तांबडा, हिरवा, तपकिरी यांची गल्लत होते. तपासणीसाठी वापरले जाणारे, रंगीत ठिपक्यांत अंक दडवलेले इशिहारा तक्ते १९१७ चे. ते दिवसाच्या उजेडासारख्या प्रकाशातच दाखवावेत. पिवळ्या बल्बखाली दोष असलेली व्यक्तीही कधी अंक बरोबर वाचते, आणि मोबाइलच्या पडद्यागणिक रंग बदलत असल्याने तिथल्या चाचणीला निदान मानता येत नाही.