बॉयकॉट नावाचा कॅप्टन

'बॉयकॉट' हे आधी आडनाव होतं. ते इंग्लंडच्या नॉरफकमध्ये जन्मलेल्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटचं. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा तो कारभारी, आपल्याकडच्या भाषेत दिवाणजी. पिकं बुडाली होती, म्हणून १८८० साली कुळांनी खंडात पाव हिस्सा सूट मागितली. मालक दहा टक्क्यांपुढे सरकेना आणि कारभाऱ्याने घरं-जमिनी सोडण्याच्या नोटिसा काढल्या.

त्याच सप्टेंबरात पार्नेल या पुढाऱ्याने एनिसच्या सभेत सांगितलं होतं, की दुसऱ्याची हिसकावलेली जमीन घेणाऱ्याला हात लावू नका, फक्त एकटा पाडा. हा उपाय पहिल्यांदा गाजला तो या कारभाऱ्यावर. गडी काम टाकून गेले, धोबिणीने कपडे नाकारले, लोहाराने नाल ठोकायचं बंद केलं, दुकानदार पाव देईना. शेवटी बटाटे नि सलगम काढायला उत्तरेकडून पन्नास माणसं आली आणि त्यांच्या राखणीला हजारेक शिपाई. एकेका सलगमामागे सरकारचा एक शिलिंग गेला, अशी टर पार्नेलने उडवली. नोव्हेंबर सरता सरता कॅप्टनने गाव सोडलं, तेही लष्करी गाडीतून. भाड्याची गाडी हाकायला कोणी तयार नव्हतं.

शब्द सुचला तो फादर ओमॅली या गावच्या धर्मगुरूला. रेडपाथ हा अमेरिकी बातमीदार जेवता जेवता अडला होता. एकटं पाडण्याला असलेला 'ऑस्ट्रसाइज' हा इंग्रजी शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही, मग म्हणायचं काय? फादर म्हणाले, 'बॉयकॉट करणं' म्हणूया. नाव सगळ्यांच्या तोंडी होतंच. बघता बघता ते इंग्रजीत क्रियापद झालं, फ्रेंच-जर्मनमध्येही शिरलं.

मराठीला ही कृती नवी नव्हती, 'वाळीत टाकणं' जुनंच. पण त्यात गाव एखाद्या दुबळ्याला टाकायचं. मेयोत दुबळ्यांनी बड्याला टाकलं. आपण दोन्हींना 'बहिष्कार' हा एकच शब्द लावला. १९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली ती बहिष्काराच्या नावाने, आणि १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी पाक्षिक काढलं त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. पहिल्यात बहिष्कार हे हत्यार, दुसऱ्यात तो जखम. जातपंचायती आणि गावकीच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा कायदा केला. त्याच्या इंग्रजी नावात 'सोशल बॉयकॉट' आहे: कुळांना घराबाहेर काढायला निघालेल्या कारभाऱ्याचं आडनाव, वाळीत टाकलेल्यांच्या कायद्यावर.